२३ मिनिटं की ९ तास? सोलापूर–मोपा प्रवासाचं एक प्रकरण

मावशीचा प्रश्न साधा होता. मावसबहीण सावंतवाडीला, तिला मुलगी झालेली, आणि मावशीला बारशाच्या आधी तिथं पोचायचं होतं. गुडघे दुखत असल्यामुळे रात्रभर गाडीत बसणं तिला झेपणारं नव्हतं. सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालंय हे तिनं ऐकलं होतं. मला फोन करून म्हणाली, "मोबाईल तेवीस मिनटं म्हणतंय, ट्रॅव्हल्सवाला नऊ तास म्हणतोय. खरं काय ते सांग की."

माझं काम जमीन मोजणीचं. दोन खुणांमधलं अंतर किती, हा प्रश्न मला रोज पडतो आणि त्याचं उत्तर एका आकड्यात संपत नाही हेही मला रोजच दिसतं. म्हणून मावशीला लगेच उत्तर दिलं नाही. तिच्यासोबत मीच गेलो आणि घड्याळ लावून सगळा प्रवास मोजला. योगायोगानं त्याच आठवड्यात मावसभाऊही गाडीनं तिकडं गेला. निघण्याचं घर एक, पोचण्याचं घर एक, रस्ते दोन. अशी तुलना मुद्दाम करायला गेलो असतो तर जमली नसती.

आधी अंतर

सोलापूरचा विमानतळ होटगी रोडला आहे, साधारण १७.६३ अंश उत्तर, ७५.९३ अंश पूर्व. मोप्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यात, १५.७४ उत्तर, ७३.८६ पूर्व. अक्षांशातला फरक १.८९ अंश, रेखांशातला २.०७. आपल्या या पट्ट्यात अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास ११०.७ किलोमीटर आणि रेखांशाचा एक अंश १०६.६ किलोमीटर, कारण ध्रुवाकडे जावं तसे रेखांश जवळ येत जातात. म्हणजे २०९ किलोमीटर दक्षिणेला आणि २२१ किलोमीटर पश्चिमेला. दोन्हींचे वर्ग करून, बेरीज करून वर्गमूळ काढलं की ३०४ किलोमीटर येतात. पृथ्वी गोल असल्यामुळे लांबच्या प्रवासाला हे गणित चालत नाही, पण तीनशे किलोमीटरला त्यानं फरक पडतो तो नगण्य.

मग वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे का दिसतात? कारण 'गोवा' म्हणजे कोणता बिंदू हे जो तो आपल्या सोयीनं धरतो. सोलापूर शहर ते पणजी शहर धरलं तर सुमारे ३२७ किलोमीटर होतात. गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी धरला तर ३३५. मोपा धरला तर ३०४. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांची टोकं निराळी आहेत. मोपा सुरू झाला जानेवारी २०२३ मध्ये. त्याआधी गोव्याचं विमान म्हणजे दाबोळी एवढंच समीकरण होतं, त्यामुळे पुष्कळांच्या डोक्यात अजून तोच बिंदू आहे. मावशीच्या दृष्टीनं हा फरक ३१ किलोमीटरचा नव्हता, त्याहून फार मोठा होता. सावंतवाडीहून मोपा पंचवीसेक किलोमीटर. दाबोळीला उतरलो असतो तर मांडवी, झुआरी ओलांडून सगळा उत्तर गोवा चढून यावं लागलं असतं. उलट मडगावला किंवा काणकोणला जाणाऱ्या माणसाला मोपा लांब पडतो. विमानतळाच्या नावात शहर कोणतं लिहिलंय यापेक्षा आपलं घर त्याच्या कोणत्या अंगाला आहे हे आधी बघावं.

आता ती सरळ रेघ जमिनीवर टाकून बघा. मला हे करायला फार आवडतं. होटगी रोडवरून नैऋत्येला निघालेली रेघ भीमा ओलांडते, जतच्या अंगावरून जाते, अथणीला डावीकडे ठेवून कुडचीजवळ कृष्णा पार करते, मग चिकोडी आणि संकेश्वर जवळपास डोक्याखालीच. पुढं गडहिंग्लज, आजरा, आणि आंबोलीच्या दक्षिणेनं सह्याद्री उतरून मोप्याच्या पठारावर. म्हणजे सोलापूरहून निघून गोव्याला जाताना विमान कर्नाटकात शिरतं आणि परत कोल्हापूर जिल्ह्यात येतं. आमच्याकडचा अर्धा सीमाभाग एका रेघेवर सापडतो.

रस्ता मात्र या रेघेवरून जात नाही. तो मंगळवेढा, सांगोला, मिरज करत पश्चिमेला ओढला जातो, कोल्हापूरच्या बाजूनं खाली निपाणीकडे वळतो आणि मग आजरा-आंबोलीच्या वाटेला लागतो. मावसभावाच्या गाडीच्या मीटरवर सोलापूर ते सावंतवाडी ३८५ किलोमीटर झाले. घर ते घर सरळ रेघ २९५ किलोमीटरची. शंभराला एकशे तीस. घाट मध्ये असताना हे प्रमाण मला वाईट वाटत नाही. कोकणात उतरणाऱ्या कुठल्याही वाटेचं साधारण असंच असतं.

तेवीस मिनिटं आली कुठून

मोबाईलवर अंतर आणि वेळ सांगणारी जी पानं असतात, त्यांतली बरीच एकच हिशेब करतात: सरळ अंतर घ्या, ताशी ८०० किलोमीटरनं भागा. ३०४ भागिले ८०० केलं की तेवीस मिनिटं येतात. काही पानं त्यात चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात, मग त्रेपन्न मिनिटं होतात. ८०० हा वेग मोठ्या जेट विमानाचा, तोही दहा-अकरा किलोमीटर उंचीवर एकदा सरळ लागल्यानंतरचा. दिल्ली–चेन्नईला तो चालतो. सोलापूर–मोप्याला चालत नाही, त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण विमान. ही सेवा ९ जून २०२५ ला सुरू झाली ती गोव्याच्या फ्लाय ९१ या कंपनीच्या एटीआर ७२ विमानानं. पंख्यांचं विमान, सत्तरेक आसनांचं. वर सरळ लागल्यावर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. लहान धावपट्टीवरून उठणं, कमी इंधन खाणं, थोड्या प्रवाशांत भागणं यासाठी हे विमान केलेलं आहे. छोट्या गावांना विमान मिळतं ते बहुतेक असल्याच विमानामुळे, त्यामुळे त्याला हळू म्हणून कमी लेखणं मला पटत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पाचशेचा वेग तरी विमानाला किती वेळ मिळतो? समजा ते १६ हजार फुटांवर जाणार आहे. मिनिटाला सरासरी १,२०० फूट चढलं तर सोलापूरच्या जमिनीपासून तिथं पोचायला बारा मिनिटं लागतात. चढताना वेग कमी असतो, त्यात सुमारे ६५ किलोमीटर जातात. उतरण्यासाठी वैमानिकांचा एक ठोकताळा आहे: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. १६ हजार फुटांना ४८ सागरी मैल, म्हणजे ८९ किलोमीटर. ३०४ मधून ६५ आणि ८९ वजा केले की उरतात १५०. पाचशेच्या वेगानं ते अठरा मिनिटांत संपतात. रेघेवर मांडलं तर विमान जतच्या अलीकडं वर पोचून सरळ लागतं आणि संकेश्वर आलं की खाली यायला सुरुवात करतं. अर्धी वाट चढण-उतरणीतच जाते.

या गणिताचं अगदी टोक बघायचं तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत बघावं. तिथं वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये लोगनएअरचं आठ-नऊ आसनांचं विमान १९६७ पासून उडतं. अंतर २.७ किलोमीटर, जगातलं सगळ्यांत छोटं नियमित उड्डाण. मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टी याहून लांब आहे. वेळापत्रकात दोन मिनिटं दिलेली असतात, प्रत्यक्षात दीड मिनिट लागतं, आणि वारा अनुकूल असताना वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांनी ते ५३ सेकंदांत केल्याची नोंद आहे. त्या विक्रमाचा सरासरी वेग काढला तर ताशी १८३ किलोमीटर येतो, आणि रोजच्या दीड मिनिटाचा १०८. ते विमान ताशी दोनशेच्या वर सहज जाणारं आहे, पण जायला जागाच नाही. तरीही बेटावरच्या शिक्षकाला, नर्सला ते दीड मिनिट लाखमोलाचं, कारण खाली खवळलेला समुद्र आहे.

प्रत्यक्षात काय झालं

आता आमचा प्रवास. घरून विमानतळावर जायला वीस मिनिटं लागली. आमच्या विमानतळाची ही सगळ्यांत चांगली गोष्ट आहे, तो गावात आहे. सुटण्याच्या वेळेच्या पंच्याण्णव मिनिटं आधी आम्ही दारात होतो. एवढ्या आधी कशाला, असं काका म्हणत होते, पण मावशीचा पहिलाच विमानप्रवास होता आणि सामानात लाडवांचे दोन डबे, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि काय काय होतं.

त्या 'काय काय'मुळेच खोळंबा झाला. बाळंतिणीसाठी मावशीनं खोबऱ्याच्या वाट्या घेतल्या होत्या, चांगल्या दोन किलो, पिशवीत नीट बांधून. सामान तपासणीत पिशवी बाजूला काढली गेली. सुकं खोबरं विमानाच्या सामानात चालत नाही. त्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून आपल्याकडे त्याला बंदी आहे. मावशीचा आधी विश्वासच बसेना. "खोबरं कधी पेटतंय का?" तपासणारी मुलगी शांत होती, तिनं समजावून सांगितलं, लाडवांतलं किसलेलं खोबरं चालेल म्हणाली, अख्ख्या वाट्या नाही. काका अजून बाहेरच चहा घेत होते म्हणून बरं. त्यांना फोन करून बोलावलं, वाट्या त्यांच्या हाती दिल्या. यात बारा मिनिटं गेली. पंच्याण्णव मिनिटांचा पल्ला हाताशी होता म्हणून ती बारा मिनिटं बोचली नाहीत. अगदी वेळेवर आलो असतो तर मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

विमानात चढणं मात्र तिला सोपं गेलं. एटीआरला दार मागच्या बाजूला असतं आणि त्याचीच पाच-सहा पायऱ्यांची शिडी असते. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला एसटीची पायरी याहून जड जाते. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून खालची जमीन मोकळी दिसते. मावशीला डावीकडची खिडकी दिली आणि मी तिच्या शेजारी फोन घेऊन बसलो. फोन विमान मोडवर असला तरी खिडकीजवळ धरला की जीपीएस चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही. मी ठिकाणांची नोंद करत राहिलो.

विमान जागेवरून हललं तिथून मी घड्याळ सुरू केलं. लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर दुसरा रस्ता नसतो. त्यामुळे विमान धावपट्टीवरच येतं, तिच्यावरूनच हळूहळू टोकापर्यंत चालत जातं, तिथं गोल वळतं आणि मग पळायला लागतं. या चालण्याला आठ मिनिटं लागली. मावशीला वाटलं की पोचलो की काय. मोठ्या विमानतळावर रांगेत वेळ जातो, लहान ठिकाणी या उलट्या चालण्यात जातो. अंतराच्या कुठल्याही गणितात ही आठ मिनिटं नसतात.

सोलापूरची धावपट्टी १५-३३ अशी आहे, म्हणजे एक तोंड आग्नेयेला, दुसरं वायव्येला. आम्ही वायव्येकडे उठलो. जायचं होतं नैऋत्येला, पण नाक गावाकडे. उठल्यावर मिनिट-दीड मिनिटात डाव्या अंगाला सिद्धेश्वराचं तळं दिसलं, मधोमध मंदिर, काठाला भुईकोट किल्ला. मावशीनं खिडकीतूनच हात जोडले. मग विमान डावीकडे कललं आणि शंभर अंशांहून मोठं वळण घेऊन आपल्या वाटेला लागलं. त्या वळणात चार-पाच किलोमीटर जादा गेले, पण ते तळं असं वरून बघायला मिळालं याचं मला अजून समाधान आहे. गड्ड्याच्या जत्रेत त्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते, आणि वरून तो सगळा तळहाताएवढा दिसतो.

त्यानंतर गणितात आलं तसंच जवळपास झालं. कृष्णा ओलांडली तेव्हा आम्ही वर सरळ लागलेलो होतो. संकेश्वरच्या आसपास इंजिनाचा आवाज उतरला, कानांना दडे बसायला लागले. घाटमाथ्यावर ढग होते. शेवटी मोप्याकडे थेट न जाता विमान एक वळसा घेऊन धावपट्टीच्या रेषेत आलं. मोप्याची धावपट्टी पूर्व-पश्चिमेला जवळची, आपण येतो ईशान्येकडून, त्यामुळे हे शेवटचं वळण टळत नाही. चाकं उठली तिथपासून टेकली तिथपर्यंत चोपन्न मिनिटं झाली. जीपीएसच्या नोंदीवर वाट भरली ३३० किलोमीटर. सरळ रेघेपेक्षा २६ किलोमीटर जास्त. म्हणजे हवेतली सरासरी ताशी ३६७ किलोमीटर पडली, ८०० नाही आणि ५०० सुद्धा नाही. उतरल्यावर जागेवर जायला सहा मिनिटं. हलल्यापासून थांबेपर्यंत एकूण अडुसष्ट.

वेळापत्रकात जी वेळ छापतात ती हीच असते, जागा सोडल्यापासून जागेवर लागेपर्यंतची. हवेतली नव्हे. त्यात थोडी उसंतही धरलेली असते. म्हणून कधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं.

एक गोष्ट मला या एका प्रवासात मोजता आली नाही, ती म्हणजे वारा. पण हिशेब करता येतो. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर पाचशेचं विमान जमिनीवर ४६० नं सरकतं, मागून असेल तर ५४० नं. ३०४ किलोमीटरला फरक पडतो सहा मिनिटांचा. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोराचा असतो, म्हणजे तेव्हा गोव्याला जाताना तो समोरून लागणार आणि येताना पाठीशी राहणार. जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी छापलेली दिसली तर ती चूक समजू नये.

घर ते घर

मोप्याला सामान मिळून बाहेर पडायला पंचवीस मिनिटं लागली, तिथून टॅक्सीनं बांदा मार्गे सावंतवाडीला पन्नास. सगळी बेरीज: वीस, पंच्याण्णव, अडुसष्ट, पंचवीस, पन्नास. २५८ मिनिटं, म्हणजे चार तास अठरा मिनिटं. मावसभाऊ बुधवारी रात्री निघाला होता, मिरजेला चहा आणि आजऱ्याच्या पुढं थोडी डुलकी धरून त्याला आठ तास पन्नास मिनिटं लागली.

या २५८ मिनिटांत चाकं हवेत होती ती चोपन्न मिनिटं. पाचवा हिस्सा. घर ते घर सरळ अंतर २९५ किलोमीटर धरलं तर आमचा खरा वेग ताशी ६९ किलोमीटर पडला आणि मावसभावाचा ३३. पाचशेच्या विमानात बसून एकोणसत्तरचा वेग हा आकडा वाचून पुष्कळांना विमान नकोसं वाटेल. मला तसं वाटत नाही. रस्त्याच्या तो दुपटीहून जास्त आहे, आणि तो गुडघ्यांना त्रास न होता मिळाला. मावशी उतरली तेव्हा ताजीतवानी होती. मावसभाऊ दुपारपर्यंत झोपला.

पण हाच आकडा आणखी एक गोष्ट दाखवतो. समजा उद्या या मार्गावर एटीआरऐवजी जेट आलं. पाचशेच्या जागी आठशे मिळायला मधले दीडशे किलोमीटरच आहेत, त्यात वाचतील सात मिनिटं, फार तर दहा. तेच जर मोप्याहून सावंतवाडीला, पणजीला विमानाच्या वेळा जुळवून बस सुटली, किंवा लहान विमानतळावर आधी पोचण्याची वेळ विश्वासानं अर्ध्या तासानं कमी करता आली, तर तिप्पट वेळ वाचेल, आणि पैसेही. लहान विमानतळांच्या बाबतीत आपण बोलतो ते नेहमी विमानाबद्दल, धावपट्टीबद्दल. वेळ मात्र दारापासून दारापर्यंतच्या कडेच्या तुकड्यांत सांडत असतो, तिकडं कुणी बघत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. विमान रोज नव्हतं. मावसबहिणीला दवाखान्यात नेल्याचा फोन आला बुधवारी संध्याकाळी. त्या क्षणी पुढचं विमान शुक्रवारचं होतं. मावसभाऊ आठ तास पन्नास मिनिटांनी बहिणीजवळ होता. आम्ही चार तास अठरा मिनिटांच्या प्रवासाला निघण्याआधी दीड दिवस घरी बसून होतो. तातडीच्या कामाला गाडीच जिंकली, तीही भरपूर अंतरानं. ठरवून जायच्या कामाला विमान जिंकलं. आठवड्यातून किती दिवस विमान आहे हा आकडा किलोमीटर आणि मिनिटं या दोन्हींपेक्षा जास्त वजनाचा आहे, आणि अंतर-वेळ सांगणाऱ्या पानांवर तो नसतो.

या धावपट्टीला काय मोजावं लागलं

मिनिटांचा हिशेब मांडताना ही धावपट्टी मोकळी कशी झाली हे सांगितलं नाही तर ते मला अर्धवट वाटेल. सोलापूरला विमानतळ जुना. मधल्या काळात मुंबईची सेवा आली आणि लवकरच बंद पडली. पुढं सेवेच्या आड आली ती श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी, सुमारे ९० मीटर उंच. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं. म्हणजे टेकण्याच्या जागेपासून एक किलोमीटरवर ते ५२ मीटर उंचीवर असतं, दोन किलोमीटरवर १०५ मीटर. त्या वाटेच्या आसपास ९० मीटरची चिमणी उभी असली तर विमानाला मोकळीक उरतच नाही, आणि नियम तर उताराच्याही बऱ्याच खालपर्यंत जागा मोकळी मागतात.

त्या चिमणीवर गावात दोन तट पडले. एका बाजूला कारखान्याचे सभासद शेतकरी, कामगार. त्यांच्यासाठी चिमणी म्हणजे उसाचं गाळप आणि घरची चूल. दुसऱ्या बाजूला विमान हवं म्हणणारे; त्यांच्यासाठी चिमणी म्हणजे पुण्या-हैदराबादला निघून गेलेली मुलं आणि न आलेले उद्योग. वर्षानुवर्षं हे चाललं. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. त्या दिवशी कुणाच्या घरी पेढे वाटले गेले आणि कुणाच्या घरी जेवण गेलं नाही. माझ्या ओळखीत दोन्ही घरं आहेत. मला विमान हवं होतं, हे मी लपवत नाही. पण त्या शेतकऱ्यांचं नुकसान हिशेबात धरायचं नाही असं म्हणणाऱ्याशी मी भांडतो.

त्यानंतर २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीनं विमानतळाचं उद्घाटन केलं. सांगितलेली क्षमता वर्षाला ४ लाख १० हजार प्रवाशांची. प्रत्यक्ष पहिलं विमान गोव्याकडं उडालं ते आणखी आठ-नऊ महिन्यांनी. चिमणी पडल्यापासून मोजलं तर जवळपास दोन वर्षं. त्यामुळे आता जे विमान आलंय ते टिकावं, भरून जावं, आणि रोज जावं असं मला फार वाटतं. नाहीतर चिमणीही गेली आणि विमानही गेलं अशी गत होईल, आणि त्या दोन्ही घरांना तोंड दाखवायला आपल्याला जागा राहणार नाही.

मावशीला दिलेलं उत्तर

बारसं झालं. मावशी महिनाभर तिकडंच राहिली. खोबऱ्याच्या वाट्या पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी गाडीनं गेल्या. परत येताना ती एकटीच विमानानं आली. मी होटगी रोडला घ्यायला गेलो होतो. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "आता पुन्हा कुणी विचारलं तर काय सांगू?"

मी तिला म्हणालो, हवेत पाऊण-एक तास, तिकिटावर तासाच्या थोडं वर, घर ते घर साडेचार तास धर. आधी विमानाचा वार बघ. घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या कडेला पेनानं लिहून ठेवलं: 'सावंतवाडी, साडेचार तास, वार बघणे, खोबरं नेऊ नये.'